रिलीज होऊ दे, मग बघू

ऑफिसात तिला 'चाळणी' म्हणत. तोंडावर नाही, पण अगदी पाठीमागेही नाही. ती जिन्यात दिसली की कुणीतरी हळूच म्हणे आणि तिला नेमकं ऐकू जाई. तिने कधी मनावर घेतलं नाही. चाळणीचं काम काय असतं एवढं तरी या मंडळींना कळतंय, हेच पुष्कळ, असं ती म्हणे.

कंपनी औषधाचे पंप बनवी. रुग्णाच्या पलंगाशेजारी खांबावर एक छोटा डबा अडकवलेला असतो आणि तो ठरलेल्या वेगाने सुईतून औषध सोडत राहतो, तोच पंप. त्या डब्याच्या पोटात एक प्रोग्रॅम असतो. तो लिहिणारी हुशार माणसं वरच्या मजल्यावर बसत, आणि ही तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत चार मशीनं सांभाळत बसे. वरून लिहून आलेला मजकूर माणसाला वाचता येतो, पंपाला नाही. तो पंपाला कळेल अशा रूपात आणायचा, त्याचे शेकडो तुकडे बरोबर क्रमाने जोडायचे आणि जे तयार होईल ते शिक्का मारून कारखान्यात पाठवायचं, हे तिचं काम. त्याला बिल्ड म्हणतात. ते हाताने होत नाही, त्याला अवजारं लागतात, आणि ही अवजारंही सॉफ्टवेअरचीच असतात.

या अवजारांची गंमत अशी की त्यातली बरीचशी दुकानात विकत मिळत नाहीत. जगभरातली हौशी माणसं आपापल्या घरी बसून ती बनवतात आणि सगळ्यांसमोर उघडी ठेवतात. रोज त्यात काहीतरी बदलतं. आज एकाने कोपरा दुरुस्त केला, उद्या दुसऱ्याने आख्खी भिंत हलवली. हा रोज बदलणारा मूळ मजकूर म्हणजे कच्चा सोर्स. मग वर्षा-दोन वर्षांनी त्यांचा जो कोणी म्होरक्या असेल तो म्हणतो, पुरे, आता कुणी हात लावायचा नाही. सगळं तपासलं जातं, त्याला नंबर मिळतो, म्होरक्या सही करतो आणि ते बाहेर पडतं. ते रिलीज. शहाण्या माणसाने रिलीज घ्यावं. पण जगात शहाण्यांपेक्षा हुशार जास्त, आणि हुशारांना दम कुठला? सकाळी झालेला बदल त्यांना दुपारी हवा असतो. त्यातून कच्च्या सोर्सवरून अवजार तयार करायचं तर बरेचदा तेच अवजार आधी घरात असावं लागतं, म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. तरी लोक उड्या मारतातच.

ती नवीन असताना वरच्या मजल्यावरच्या अशाच एका हुशाराने बिल्डच्या मशीनवर परस्पर कच्चा सोर्स आणून बसवला होता. काम झकास झालं, सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. काही महिन्यांनी ते मशीन बंद पडलं आणि एका हॉस्पिटलने विचारलं, आमच्या पंपातला प्रोग्रॅम नेमका कशाने तयार केला होता? कुणालाच सांगता येईना. कोणत्या दिवशीचा सोर्स होता, त्या दिवशी त्यात काय अर्धवट होतं, सगळंच अंधारात. हुशार गृहस्थ तोवर दुसरीकडे गेले होते आणि उत्तरं देता देता हिच्या नाकी नऊ आले. तेव्हा तिने कानाला खडा लावला. आपल्या खोलीत रिलीजशिवाय काही शिरणार नाही. नंबर हवा, सही हवी. अवजार उतरवून घेतलं की ती आधी सही पडताळे, मग अवजाराच्या स्वतःच्या चाचण्या शेवटपर्यंत चालू देई, आणि त्यात एक जरी नापास झाली तरी ते परत. साहेबांनी घाई केली तरी तिचं उत्तर ठरलेलं असे.

"रिलीज होऊ दे, मग बघू."

तिचा भाऊ अशाच एका अवजारावर काम करणाऱ्यांपैकी होता. चाळिशी गाठली तरी घरात तो 'धाकटा'च. शाळेत असतानाच त्याला स्नायूंचं दुखणं जडलं. आधी पाय गेले, चाकांची खुर्ची आली, मग खांदे सैल पडत गेले. रोज उठून कुठे जाणं झेपेना, तेव्हा आईच्या घरी पुढच्या खोलीत, खुर्ची खाली शिरेल एवढं उंच टेबल करून घेऊन तो बसला तो बसलाच. आई त्याच खोलीत शिवण करी. एका भिंतीशी तिचं मशीन, समोरच्या भिंतीशी त्याचं. मायलेक दिवसभर एकमेकांकडे पाठ करून काम करत आणि मान न वळवता गप्पा मारत. आईला त्याच्या कामातलं ओ की ठो कळत नसे. पण तो गप्प झाला की काहीतरी अडलंय आणि शीळ घालू लागला की सुटलंय, एवढं तिला बरोबर कळे.

भावाबहिणीची जुंपायची ती या रिलीजवरूनच. तो म्हणे, ताई, तू म्हणजे आजचा पेपर वर्षाने वाचणारी बाई आहेस. ती म्हणे, वाचते, कारण तोवर त्यातल्या खोट्या बातम्या गळून पडलेल्या असतात. तो हसे. आणि रिलीज बाहेर पडलं की पहिला फोन त्याचाच. लावलंस का, कोणत्या मशीनवर लावलंस, चाचण्यांना किती वेळ लागला. आपण केलेलं काम बहिणीच्या खोलीतून पंपात आणि पंपातून कुणाच्या तरी पलंगाशेजारी जातं याचा त्याला फार अभिमान होता. तो त्याने बोलून कधी दाखवला नाही, पण फोनवर लपत नसे.

तिच्या चार मशीनांत एक फार जुनं होतं. कंपनीचे पहिले पंप अजून कितीतरी हॉस्पिटलांत चालू होते आणि त्यांचा प्रोग्रॅम त्या जुन्या मशीनवरच तयार होई. त्यावर एका बिल्डला अख्खी सकाळ जायची. वरच्या मजल्याने एक स्वल्पविराम बदलला तरी अवजार सगळे तुकडे पहिल्यापासून पुन्हा घडवत बसे. रविवारी आईकडे गेली की ती या गोष्टीने किरकिर करी. धाकटा ऐकून घेई. मग एका रविवारी त्याने सांगितलं की त्याला युक्ती सापडली आहे. जे तुकडे बदललेच नाहीत ते अवजाराने ओळखायचे आणि आहेत तसे उचलायचे. फाइलीवर ती शेवटची कधी लिहिली त्याची वेळ असते, तीवरून ओळखायचं. सांगायला सोपं, पण करायला त्याला जवळजवळ दोन वर्षं लागली, कारण तोवर हात जायला लागले होते. शेवटी उजव्या हाताची दोनच बोटं त्याचं ऐकत. खरं तर ते काम त्याने तिच्यासाठीच केलं होतं.

काम पुरं झालं, कच्च्या सोर्समध्ये गेलं, आणि त्या रविवारी त्याने तिच्याकडे एक मागणं केलं. त्याने कधी कुणाकडे काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं.

"ताई, एकदा कच्चंच लावून बघतेस? पंपासाठी नको वापरूस. नुसतं त्या जुन्या मशीनवर चालव आणि मला सांग किती वेळ वाचतो."

"रिलीज होऊ दे ना, मग बघू. पहिल्या दिवशी लावते, शब्द."

"तुझ्या चाळणीत मी पण अडकलो म्हणायचं," तो म्हणाला आणि हसला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. दोनदा मागणाऱ्यांतला तो नव्हता.

थंडी ओसरता ओसरता एका सकाळी त्याला श्वास पुरेना म्हणून हॉस्पिटलात नेलं. ती धावत पोचली तेव्हा पलंगाशेजारी खांबावर त्यांच्याच कंपनीचा पंप होता. सवयीने तिची नजर स्क्रीनवरच्या नंबरावर गेली. तो तिनेच शिक्का मारून पाठवलेला होता. पंपाने आपलं काम चोख केलं, डॉक्टरांनीही केलं, पण त्याच्या छातीतच त्राण उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला.

आईने त्याचं टेबल हलवू दिलं नाही. त्याचा कॉम्प्युटरही चालूच ठेवला. बंद कसा करायचा हे तिला माहीत नव्हतं आणि कुणी करावा असंही वाटत नव्हतं. लेकीला तिने फक्त एवढंच विचारलं, त्याचं ते शेवटचं काम बाहेर कधी पडणार. लेक म्हणाली, रिलीजच्या वेळी, आता फार दिवस नाहीत. त्या दिवसापासून आई त्या रिलीजची वाट बघू लागली. शेजारपाजारचं कुणी भेटायला आलं की सांगे, माझ्या मुलाचं काम यायचंय अजून. ऐकणाऱ्याला काही कळत नसे, पण मान सगळेच डोलावत.

दोन महिन्यांनी म्होरक्याचं पत्र सगळ्यांना आलं. हा म्होरक्या कुठल्यातरी दूरच्या गावात राहणारा वयस्क माणूस, धाकटा त्याला लाडाने 'म्हातारा' म्हणे. म्हाताऱ्याने कळवलं होतं की रिलीज जवळ आलंय, तयार होत आलेला माल उघडा केला आहे, ज्यांच्याकडे वेगळी, जुनी, विचित्र मशीनं असतील त्यांनी तपासून मदत करावी. इतक्या वर्षांत अशी पत्रं तिने वाचून बाजूला सारली होती. अजून सही नाही, नंबर पक्का नाही, म्हणजे आपला संबंध नाही. या वेळी तिने नियमाला मुरड घातली. तपासणी लवकर आटपली तर रिलीज लवकर येईल आणि आईला सांगता येईल, एवढाच तिचा हिशेब होता. साहेबांची परवानगी काढून तिने जुन्या मशीनची हुबेहूब जोडी, म्हणजे तसलंच दुसरं मशीन, अडगळीतून काढली, पुसली आणि तीवर ते चढवलं.

पहिला बिल्ड नेहमीसारखा अख्खी सकाळ चालला. मग तिने एकच गोष्ट बदलली. औषध जास्तीत जास्त किती वेगाने सोडायचं याची मर्यादा पंपात असते, तो आकडा तिने कमी केला आणि बिल्ड पुन्हा लावला. चहा घ्यायला म्हणून उठली, दारापर्यंत पोचते न पोचते तो मशीनने काम झाल्याचं कळवलं. ती दाराशीच उभी राहिली. डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत, खोलीत होतं कोण बघायला. दोन बोटांनी केलं होतं पोराने.

मग सवयीप्रमाणे तयार झालेला प्रोग्रॅम तिने चाचणीच्या पंपात घातला आणि मर्यादा तपासली. जुनाच आकडा होता.

तिला वाटलं, आपलीच काहीतरी गफलत झाली. पुन्हा आकडा बदलला, पुन्हा बिल्ड लावला. या वेळी बरोबर आला. तिसऱ्यांदा बरोबर. चौथ्यांदा परत जुना. कायम चुकणारी गोष्ट कुणीही पकडतं. कधी चुकणारी आणि कधी न चुकणारी गोष्ट सगळ्यांच्या हातून सुटते आणि नेमकी पलंगाशेजारी जाऊन पोचते.

कारण शोधायला तिला दोन दिवस लागले. धाकट्याची युक्ती फाइलीवरच्या वेळेवर उभी होती. नव्या मशीनांच्या डिस्कवर ही वेळ सेकंदाच्या बारीक बारीक तुकड्यांत लिहिलेली असते. जुन्या डिस्कला सेकंदाच्या आतलं काही समजत नाही, ती पूर्ण सेकंदच लिहिते. बिल्ड सुरू होताना अवजार आधी वेळेची एक खूण करी, मग बदललेली फाइल आत लिहून घेई आणि तिची वेळ खुणेनंतरची आहे का बघे; दोन्ही एकाच सेकंदात झालं की जुन्या डिस्कच्या लेखी ती एकाच वेळची. मग अवजाराला वाटे, काही बदललेलंच नाही, आणि ते जुना तुकडा उचलून मोकळं होई. धाकट्याचं टेबल, त्याचं मशीन, सगळं नवं होतं. त्याच्याकडे हे कधीच घडलं नसतं. घडलं असतं ते तिच्या जुन्या मशीनवर, ज्याच्यासाठी त्याने हा सगळा खटाटोप केला आणि ज्यावर एकदा चालवून बघ म्हणून तिला सांगितलं होतं.

हे लक्षात आलं तेव्हा ती खुर्चीत बसूनच राहिली. त्या रविवारी तिने हो म्हटलं असतं तर सोमवारी ही चूक तिच्या हाती लागली असती. तिने फोन केला असता, त्याने कपाळावर हात मारला असता आणि दोन-चार दिवसांत दुरुस्त करून शीळ घातली असती. तिचा नियम काही चुकीचा नव्हता. कच्च्या अवजाराने पंपाचा प्रोग्रॅम करायचा नाही, हे आजही तितकंच खरं होतं. पण त्याने ते कुठे मागितलं होतं? पंपासाठी नको, नुसतं बघ, असं तो स्वच्छ म्हणाला होता. वापरणं वेगळं आणि बघणं वेगळं, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये? हातात चाळणी धरून धरून तिने डोळेच मिटून घेतले होते.

तीन दिवस ती कुणाशी काही बोलली नाही. गप्प बसणं फार सोपं होतं. असली जुनी डिस्क जगात आता कितीजणांकडे उरली असेल? आपल्या मशीनवर आपण मागचंच रिलीज ठेवू, नवं लावणारच नाही. धाकट्याचं काम त्याच्या नावासकट बाहेर पडेल, आई ते सगळ्यांना सांगेल. आणि कळवलं तर काय होणार तेही तिला दिसत होतं. दुरुस्त करणारा माणूस राहिलेला नाही, रिलीज तोंडावर आलंय, म्हणजे म्हातारा ते काम सरळ काढून टाकणार. तिनेही त्याच्या जागी तेच केलं असतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून ती विचार करत बसली होती. रिलीज घेते म्हणजे आपण नक्की काय घेतो? आपल्याआधी कुणीतरी हे नीट बघितलंय, एवढा भरवसा घेतो. बघणारा कोण, कुठला, हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं. या खेपेला तो बघणारा माणूस तीच होती. कुठेतरी तिच्यासारखीच एखादी बाई जुनं मशीन घेऊन तळमजल्यावर बसली असेल, सही पडताळेल, चाचण्या बघेल आणि निर्धास्तपणे पुढे जाईल. डबा तसाच ठेवून तिने चूक लिहून म्हाताऱ्याला कळवली. काय बदललं, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि का झालं, सगळं सविस्तर. खाली आपण कोण ते मात्र लिहिलं नाही, फक्त कंपनीतलं काम लिहिलं. भावाचं नाव बोटांतून उतरेना.

म्हाताऱ्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. त्याने मनापासून आभार मानले होते. ही चूक कुणाच्याच ध्यानात आली नसती, असं लिहिलं होतं. पुढे म्हटलं होतं की हा भाग ज्याचा आहे त्याला मी लगेच कळवलं आहे, काळजी करू नका, तो माणूस फार नेमाचा आहे, उत्तराला कधी दिवसाहून जास्त लावत नाही. अलीकडे जरा गप्प आहे, पण सुट्टीवर गेला असेल.

त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसांबरोबर त्याने रोज काम केलं त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं, त्याचा आवाज ऐकला नव्हता, तो खुर्चीत असतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आणि तो गेल्याचं त्यांना कळवायला हवं हे घरात कुणाला सुचलं नाही. तिलाही नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला. आवाज कधी नव्हे तो चढलेला होता. "अगं, त्याला पत्र आलंय. स्क्रीन आपोआप उजळली. तू ये आणि वाच, काय म्हणतायत बघ."

ती साहेबांना सांगून निघाली. आई दारातच उभी होती. आत टेबलावरच्या स्क्रीनवर म्हाताऱ्याचं पत्र उघडलेलं होतं, आणि आईने टेबल पुसून स्वच्छ केलं होतं, पाहुणे यायचे असल्यासारखं. तिने पत्र वाचलं. मग आईला तिच्या मशीनपाशी बसवलं, स्वतः समोर स्टूल ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या कामात चूक निघाली. ती आपणच काढली. ते आता काढून टाकावं लागेल. रिलीज येईल, पण त्यात ते नसेल.

मशीनवर कुणाचातरी अर्धवट शिवलेला सदरा होता, त्याची कड आई बोटांनी सरळ करत राहिली.

"आणखी एक आहे," लेक म्हणाली. "त्याने मला आधी बघायला सांगितलं होतं. जिवंत असताना. मी नाही बघितलं. बघितलं असतं तर त्याला दुरुस्त करता आलं असतं."

"मला माहीत आहे. मी इथेच बसले होते त्या दिवशी."

ती खाली बघू लागली. आई काहीतरी म्हणेल, जाऊ दे म्हणेल, तुझा काय दोष म्हणेल, अशी तिला आशा होती. आई तसं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर तिचा विश्वासही बसला नसता.

"काढणार कोण ते?" आईने विचारलं.

"म्हातारा काढेल. त्याचंच काम असतं."

"त्याने नाही काढायचं. उसवायचंच असेल तर तू उसव. घरातल्या माणसाने हळू उसवलं की कापडाला इजा होत नाही."

तिने त्याच टेबलाशी बसून म्हाताऱ्याला लिहिलं. ज्याची तुम्ही वाट बघताय तो माझा धाकटा भाऊ. तो गेला. पत्र पुरं करायला तिला बराच वेळ लागला, कारण तो कसा होता हे अनोळखी माणसाला सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. शेवटी तिने विनंती केली की त्याचं काम मला काढू द्या.

एवढी वर्षं ती अवजार बाहेरून वापरत आली होती, पण आत तिने एक ओळही लिहिली नव्हती. आता पहिल्यांदाच आत शिरली ती भावाच्या ओळी काढायला. त्याने ते काम इतकं ठिकठिकाणी विणलं होतं की नुसतं ओढून निघण्यासारखं नव्हतं. दोन रविवार गेले. आई मागे शिवत असे आणि ही पुढे उसवत असे. वाचता वाचता तिला त्याचा आवाज ऐकू येई. एका ठिकाणी त्याने पुढच्या माणसासाठी टीप लिहून ठेवली होती की इथे घाई करू नका, मी केली होती आणि पस्तावलो. तिला हसू आलं आणि मग कितीतरी वेळ पुढचं दिसेना. जे काढायचं तेवढंच तिने काढलं. त्याने लिहिलेल्या चाचण्या मात्र ठेवल्या, आणि शेजारी स्वतःची एक घातली, जुन्या डिस्कवरची चूक पकडणारी.

म्हाताऱ्याने ते स्वीकारलं. सोबत त्याने एक लांब पत्र लिहिलं, ते तिने आईला वाचून दाखवलं. तुमच्या भावाने एकदाच मला स्वतःबद्दल लिहिलं, असं त्यात होतं. उत्तरं हल्ली त्रोटक येतात त्याची माफी मागून तो म्हणाला होता की बोटं जरा आळशी झाली आहेत. मी त्यावर विनोद केला होता, त्याचं आज मला वाईट वाटतं. तुमच्यासाठी रिलीज हवं तितकं थांबवतो, असंही त्याने लिहिलं होतं. तिने नको म्हणून कळवलं. लोक वाट बघत होते आणि ठरल्या दिवशी ते बाहेर पडायला हवं होतं.

ठरल्या दिवशी ते बाहेर पडलं. तिने नेहमीसारखी सही पडताळली, चाचण्या शेवटपर्यंत चालू दिल्या आणि भावाला दिलेला शब्द पाळून पहिल्याच दिवशी ते चारही मशीनांवर लावलं. त्यात धाकट्याची मागची कितीतरी कामं होती, अंगवळणी पडलेली, कुणाच्या लक्षातही न येणारी. फक्त शेवटचं नव्हतं. जुन्या मशीनवर अख्खी सकाळ गेली. ती उठून कुठे गेली नाही, समोर बसून राहिली.

अडगळीतून काढलेली जोडी मात्र तिने परत ठेवली नाही. तीवर दर सोमवारी ती कच्चा सोर्स चढवू लागली. पंपासाठी त्यातलं काही वापरायचं नाही, हा नियम आजही तोच आहे. साहेबांनी विचारलं, हा रिकामा उद्योग कशासाठी? ती म्हणाली, बघण्यासाठी. चूक दिसली की त्याच दिवशी ती लिहिणाऱ्याला कळवते, मग तो कुठल्याही गावचा असो. वरच्या मजल्यावर कुजबुज झाली की चाळणीचं डोकं फिरलं, आणि तीही तिला जिन्यात ऐकू आली.

त्याच सुमारास म्हाताऱ्याने विचारलं की तुमच्या भावाची युक्ती चांगली होती, नुसत्या वेळेवर न विसंबता ती पुन्हा उभी करता येईल, तुम्ही कराल का. तिने आठवडाभर उत्तर दिलं नाही. मग रविवारी आईकडे गेली, धाकट्याच्या टेबलाशी बसली, आणि टेबल तिला फार उंच पडत होतं म्हणून खुर्चीवर उशी घेतली. आईने मान न वळवता विचारलं, काय चाललंय. तिने सांगितलं. त्याचंच काम परत करते आहे, वेगळ्या रीतीने.

आईने पायाखालचं मशीन थांबवलं. "बाहेर कधी पडेल?"

खोटं सांगावं असं तिला एक क्षण वाटलं. आईचं वय तिला माहीत होतं, आणि गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना ती मध्येच थांबते हेही माहीत होतं.

"लिहायला वर्ष जाईल. मग सगळ्यांनी तपासायचं, मग रिलीज. दोन वर्षं धर. थोडी जास्तच."

आईने सुई वर केली आणि दोरा ओवला.

"बरं," ती म्हणाली. "थांबते मी. तू घाई करू नकोस."